झायनच्या दरीत मित्रासोबत

अमेरिकेतील युटा राज्यात झायनची तांबडी दरी पाहावयास मॉर्मन मित्रासोबत जाल, तर त्याचे नेमही समजून घ्या. १८३३ साली जोसेफ स्मिथ यांनी सांगितलेल्या आरोग्यनियमानुसार हे लोक चहा, कॉफी, मद्य व तंबाखू वर्ज्य मानतात. रविवार उपासनेचा व विसाव्याचा. त्या दिवशी थकलेल्या गुडघ्यांनाही आराम लाभतो. दरीतील पारूस पायवाट फरसबंद असून चाकांच्या खुर्चीलाही सोयीची आहे. ब्राइस कॅन्यनचा कडा मात्र सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे सावकाश चालावे, पाणी पीत राहावे. सहसा महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा निर्जळी उपवास असतो. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर अशा वेळी धोकादायकरीत्या उतरू शकते. आजाऱ्यांना त्यांच्या धर्मातच सूट आहे; तिची आठवण मित्राने आपुलकीने करून द्यावी.