विहिरीपलीकडचे पाच गुंठे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आळीतला एक तरुण आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याचा कारखाना बंद पडला होता. "काका, विहिरीपलीकडचे पाच गुंठे पडूनच आहेत. मला कसायला द्याल का?" त्याने विचारले. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले आणि "विचार करून सांगतो" म्हणालो. नकार देण्याची ही आपल्याकडची सभ्य रीत.

त्याच्या घरची वाडी मागच्या पिढीतच इमारतीखाली गेली. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून तो शेतकरी नाही; आणि जो शेतकरी वा शेतमजूर नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. परवानगी मिळाली तरी वसईतला आजचा भाव त्याने कोठून आणावा? तेव्हा मागून कसणे एवढाच मार्ग उरतो.

आमची भीती एका शब्दाची होती: कूळ. वकिलांनी सांगितले, "रोख मजुरी द्या, पिकात वाटा देऊ नका. वाटा दिला की ती तुमची स्वतःची कसवणूक राहत नाही." म्हणजे त्याने आमचा गडी व्हावे. अकरा महिन्यांचा कागद करावा, असेही कोणी सुचविले. केळीच्या लोंगराला वर्ष लागते, मोगरा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हाताशी येतो, हे त्या हितचिंतकाला कोण सांगणार?

पुढे कपाट आवरताना आजोबांचे '३२ म'चे प्रमाणपत्र सापडले. आजोबा दुसऱ्याच्या वाडीत रहाट हाकणारे कूळ होते. १९४८च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक मानला गेला, म्हणून ही वाडी आमची. ज्या कायद्याने आम्हांला शेतकरी केले, त्याच्याच धाकाने आम्ही दुसऱ्याला बांधावर उभे करीत होतो. कायद्याला दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. पण आपल्या धर्मग्रामात किती वाड्या याच धाकाने पडीक आहेत, हे ज्याचे त्याने मोजावे.

श्रावणात त्या पाच गुंठ्यांत कमरेएवढे गवत माजले, तेव्हा आम्हीच त्याच्या घरी गेलो. जमिनीपाठोपाठ पाण्याचा प्रश्न आला. आमच्या पंपाची पाळी ठरवून दिली. वांग्याची रोपे घरचीच दिली. पहिली लागवड त्याने इतकी दाट केली की निम्मी रोपे उपटावी लागली. तो हिरमुसला, आम्हांला मात्र हसू आवरेना, कारण आजोबांनी आमचीही अशीच रोपे उपटली होती. त्याने बांधाला लावलेली आबोली फुलू लागल्यावर पहिल्या लोकलने दादरला फुले नेणाऱ्या शेजारणीने त्याची टोपली आपल्या टोपल्यांबरोबर घेतली. हा शेजार कोणत्याही कागदात लिहिता आला नसता.

वकिलांचा मसुदा अजून सहीवाचून कपाटात आहे. परवा तो राजेळीचे मुनवे मागायला आला. राजेळी म्हणजे आणखी एक वर्ष. आम्ही कुदळ दिली. कागदाचा विषय आम्ही काढला नाही, त्यानेही नाही.