कामशेतच्या बाई

देवळात पुजारी तीर्थाची पळी पुढे करायचे आणि माझा उजवा तळहात उताणाच व्हायचा नाही. 1986 ची दिवाळी नुकतीच सरली होती, मी सातवीत होते. देहूरोडला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला सायकलवरून पडले आणि कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकुळा झालेला आणि कोपर लाकडासारखं ताठ. वेणी घालता येईना, घासही तोंडापर्यंत पोहोचेना.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं, रोज पाण्याने भरलेली बादली हातात धरून उभी राहा, हात आपोआप सरळ होईल. आईने दोन दिवस ते करवून घेतलं. कोपर सुजलं. तिसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी वर्गात माझा हात पाहिला आणि शाळा सुटल्यावर त्या थेट आमच्या डेपोच्या क्वार्टरवर आल्या.

“वहिनी, ती बादली आधी बंद करा. ओढून-ताणून कोपर सुटत नाही, उलट चिडतं. कधी कधी तिथल्या स्नायूतच हाड धरतं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम मी रोज येऊन करून घेते.”

बाई कामशेतहून लोकलने यायच्या. शाळा सुटल्यानंतरची लोणावळा लोकल त्या माझ्यासाठी सोडून द्यायच्या. पुढच्या गाडीने थंडीच्या दिवसांत घरी पोहोचेपर्यंत काळोख व्हायचा, आणि घरी त्यांची दोन लहान मुलं वाट बघत असायची. मला हे फार उशिरा कळलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या दाराची बिजागरी दाखवली. “कोपर असं उघडतं नि मिटतं. पण तळहात उलटासुलटा होतो तो कसा?” मग कंपासपेटीतल्या दोन पेन्सिली शेजारी शेजारी धरल्या. हात उताणा असताना पुढच्या हातातली दोन हाडं अशी समांतर असतात. त्यांनी एक पेन्सिल दुसरीवर तिरकी वळवली: पालथा करताना अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून असं आडवं जातं. म्हणजे एकाच कोपरात बिजागरीही आहे आणि जात्याच्या खुंट्यासारखा फिरता सांधाही. माझे दोन्ही अडले होते.

खांद्याचा नि खुब्याचा सांधा उखळीचा. खांद्याची उखळ उथळ, म्हणून तो सगळ्यात जास्त फिरतो आणि निखळतोही तोच लवकर. सुश्रुताने शरीरात 210 संधी मोजले आणि त्यांचे आठ प्रकार केले, त्यांतल्या एकाचं नाव ‘उलूखल’, म्हणजे आपलं उखळच. हे सांगताना बाईंचा चेहरा उजळायचा.

दुखायला लागलं की मी रडायचे. तेव्हा त्यांनी सांगितलेलं मला आजही लख्ख आठवतं. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणं सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून येतं, आणि सांधा हलला, दाब पडून सुटला, की ते तिच्यात मुरतं. “तू हलवलंस तर ते जेवेल गं,” बाई म्हणायच्या. मग मी डोळे पुसून पुन्हा दहापर्यंत मोजायचे.

दर शनिवारी त्या शाळेतला मोठा लाकडी कोनमापक घेऊन यायच्या. माझा हात भिंतीला टेकवून पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि शेजारी आकडा लिहायच्या. पहिली रेघ 120 अंशांची. पुढे 128, 135. एका आठवड्यात कोपर मुळीच पुढे सरकलं नाही, तरी बाईंनी तोच आकडा तितक्याच ठसठशीत अक्षरात पुन्हा लिहिला.

1987 च्या महाशिवरात्रीला आम्ही घोरावडेश्वरचा डोंगर चढलो. गुहेतल्या देवळात मी उजवा हात पुढे केला. तळहातावर तीर्थ पडलं आणि सांडलं नाही. आई तिथेच रडली. दुसऱ्या दिवशी हे बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अजून वेणी राहिली आहे.”

बाई आता नाहीत. वडील निवृत्त झाल्यावर ते क्वार्टर सुटलं, भिंतीला नवा रंग लागला. तिथली शेवटची रेघ 170 अंशांची होती. माझं कोपर आजही तितकंच उघडतं, आणि वेणी मी माझ्या हाताने घालते.