बाघमाऱ्याची घटपर्णी

मेघालयाच्या दक्षिण गारो टेकड्यांत, सिमसांग नदीच्या काठी बाघमारा वसले आहे. गावालगतच्या उतारावर घटपर्णीसाठी राखलेले एक चिमुकले अभयारण्य आहे. पावसाने वाट निसरडी झाली होती. एका हाती काठी, दुसऱ्या हाती माझा हात, अशी आई सावकाश चढली.

पानाच्या टोकाला हिरवट-तांबूस घट लोंबत होते. आईला ती फुले वाटली. वस्तुतः घट हा पानाचाच भाग. येथील मातीत नत्र तुटपुंजे, म्हणून ही वेल काठावरच्या मधाने कीटकांना भुलवते आणि आत घसरलेल्यांना तळच्या रसात पचवते. गारो लोक तिला ‘मेमांग-कोकसी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात.

वाट दाखवणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले, न उघडलेल्या घटातला रस पूर्वी मोतीबिंदूवर डोळ्यांत घालीत.

आई थबकली. दोन वर्षे ती शस्त्रक्रिया पुढे ढकलत होती.

“एक थेंब घालून पाहू का रे?”

मी काही बोलण्याआधीच ते हसले. मोडक्या हिंदीत म्हणाले, “माताजी, माझा मोतीबिंदू डॉक्टरांनीच काढला.”

मोतीबिंदूत डोळ्यातील भिंगच गढूळ होते. कोणत्याही थेंबांनी ते निवळत नाही. उलट असा रस घातल्यास जंतुसंसर्गाचे भय. शिवाय खाणी आणि खुडून नेणारे हात यांमुळे ही वनस्पती आधीच दुर्मिळ झालेली.

आईने वाकून एका घटात डोकावले.

“आत काही आहे का?”

“मुंगी आहे.”

“मला नाही दिसत.”

उतरताना तिने विचारले, “दिवाळीनंतर लगेच तारीख मिळेल का रे?”