वाकलं की अदृश्य

'फॉलआउट ३' या व्हिडिओ गेममध्ये एक काळं चिलखत आहे. डोक्यापासून पायांपर्यंत एकसंध, अंगाला घट्ट बसणारं. ते घालून ताठ उभं राहिलं तर तुम्ही सगळ्यांना दिसता. खाली वाकून दबक्या पावलांनी चालू लागलात की दिसेनासे होता. उरते ती मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हलणाऱ्या हवेसारखी थरथर. त्याच जगात 'स्टेल्थ बॉय' नावाचं अदृश्य करणारं एक छोटं यंत्रही मिळतं, पण त्याचा परिणाम थोड्या वेळात सरतो आणि यंत्र वाया जातं. चिलखताला तशी मुदत नाही. वाकलात की गेलात, उठलात की परत आलात. या एका अटीचा मी आयुष्यात फार विचार केला आहे.

चिलखताचा इतिहास गेमने रचलेला आहे, आणि तो तपशीलवार आहे. तेलासारखी साधनं संपत आलेल्या जगात २०६६ साली चीन अलास्कावर स्वारी करतो. अमेरिका अकरा वर्षं झुंजून जानेवारी २०७७मध्ये अँकरेज परत घेते, आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला अणुयुद्धात दोन्ही देश बेचिराख होतात. अलास्काच्या बर्फात हे चिलखत घालून लढणारी चिनी तुकडी म्हणजे 'क्रिम्सन ड्रॅगून्स'. खेळणारा या सगळ्यानंतर दोनशे वर्षांनी, २२७७मध्ये, वॉशिंग्टनच्या अवशेषांत भटकत असतो. जानेवारी २००९मध्ये आलेल्या 'ऑपरेशन: अँकरेज' या जोडभागात त्याला एक कुलूपबंद शस्त्रागार सापडतं. जुन्या लष्करी प्रशिक्षणासाठी बनवलेली अँकरेजची आभासी लढाई जो पार पाडेल, त्यालाच दार उघडतं. आत दोन मोठी बक्षिसं असतात. एक म्हणजे टी-५१बी हे भारदस्त पॉवर आर्मर. दुसरं हे काळं.

आमच्या घरी हा गेम २०१०च्या सुमारास आला, आत्तेभावाने दुबईहून आणलेल्या डीव्हीडीतून. त्या आवृत्तीत पाचही जोडभाग एकत्र होते. भारतात गेमचं येणं तसं सोपं नव्हतं. ऑक्टोबर २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन त्याची एक्सबॉक्स आवृत्ती इथे न आणण्याचं जाहीर केलं होतं. नेमकं काय खटकलं ते कंपनीने सांगितलं नाही. पण गेममधल्या किरणोत्साराने दोन डोक्यांच्या झालेल्या गायींना 'ब्राह्मिन' म्हणतात, एवढ्यावरून सगळ्यांनी अंदाज बांधला. मला या गोष्टीची अजून हळहळ वाटते. त्या उजाड जगात माणसाला जगवणारं, ओझं वाहणारं, दूध देणारं एकमेव सोशीक जनावर म्हणजे त्या गायी. त्यांची थट्टा मला तरी तिथे कुठे दिसली नाही.

दादाने शस्त्रागारातून पॉवर आर्मर उचललं. त्याचा खेळ संपल्यावर मी माझा सुरू केला, गेममध्ये मुलगी निवडली आणि काळं चिलखत घेतलं.

तेव्हा आम्ही साताऱ्यात राहत होतो. पोवई नाक्यावरून क्लासहून घरी येईपर्यंत माझ्यावर किती नजरा पडत, ते साताऱ्यातच काय, कुठल्याही गावातल्या मुलीला सांगायला नको. त्यातल्या सगळ्याच काही वाईट नव्हत्या. गॅलरीतून बघणाऱ्या काकू काळजीनेच विचारायच्या, "आज उशीर झाला गं?" पण काळजीची नजरही अंगावर वजन टाकते. दुपट्टा, चाल, हसण्याचा आवाज, कुणाशी बोलले, कुठल्या दुकानापाशी थांबले, या सगळ्याची नोंद कुठेतरी होत असे. रात्री साडेनऊला एकटीने नुसतं चालत जावं, कारण काहीच नसावं, ही माझी त्या वयातली सर्वांत मोठी इच्छा होती. ती त्या चिलखतात पुरी झाली.

मी लढाया जेमतेम केल्या. रात्र झाली की भटकायचे. 'मेगाटन' नावाच्या पत्र्याच्या गावात लोकांचा दिनक्रम ठरलेला असतो. दिवसभर ते कामात असतात, संध्याकाळी गुत्त्यावर जातात, रात्री घरी परततात. मी वाकून त्यांच्या मागे चालत असे. मग नॅशनल मॉल. वॉशिंग्टन स्मारक ते कॅपिटॉल हा एरवी पर्यटकांनी फुललेला पट्टा गेममध्ये खंदकांनी उकरलेला आहे आणि त्यात 'सुपर म्यूटंट' नावाचे अवाढव्य राक्षस पहारा देतात. हाताच्या अंतरावरून ते जात. पडद्यावर 'हिडन' हा शब्द तसाच राही. तो 'कॉशन' झाला की मी थिजून जाई. वाकून चालताना वेग फार कमी असतो. जिथे दादा धावत सुटायचा तिथे मी रस्त्यावरचा प्रत्येक सांगाडा पाहिला, कुणी कुणाचा हात धरून शेवटचं बसलंय, कुणाच्या शेजारी खेळणं पडलंय. गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीच्या कलाकारांनी ते किती मायेने मांडलं होतं! धावणाऱ्याला ते दिसत नाही.

पुढे बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं. तिथे कळलं की २००६मध्ये जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी अदृश्य करणाऱ्या आवरणाचं गणित मांडलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ यांच्या गटाने तांब्याचा एक छोटा दंडगोल सूक्ष्मलहरींपासून खरोखर लपवून दाखवला. पाणी दगडाला वळसा घालून पुढे एकत्र यावं तसं लहरींना वळवायचं, हे त्यामागचं तत्त्व. वाचताना एक गोष्ट मनात रुतली. सगळा प्रकाश तुमच्याभोवतून वळून जात असेल तर तुमच्या डोळ्यांत काहीच शिरत नाही. परिपूर्ण आवरणातला माणूस ठार आंधळा असतो. पाहायचं तर थोडा प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे थोडं दिसावं लागतं. गेमने ही अडचण गुपचूप बाजूला ठेवली होती. मला मात्र त्यानंतर ते चिलखत आणखीच गूढ वाटू लागलं.

लग्नानंतर २०१२मध्ये मी व्हर्जिनियात आले. आमचं घर बेलीज क्रॉसरोड्सपासून जवळ होतं. ते शस्त्रागार गेममध्ये जिथे आहे तेच हे ठिकाण. लीसबर्ग पाइक आणि कोलंबिया पाइक जिथे छेदतात तो चौक. नाव पडलं एकोणिसाव्या शतकातल्या हॅकालाया बेली या सर्कसवाल्यावरून. गेममध्ये तिथे मेट्रो स्टेशन आहे. प्रत्यक्षात तिथे मेट्रो जात नाही, बस धरावी लागते. भलीमोठी दुकानं, पार्किंग, दिव्यांचे खांब. मी पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा उगाचच जमिनीत उतरणारा जिना शोधला.

माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा. तेव्हा या व्हिसावर काम करता येत नसे. घराच्या करारावर माझं नाव दुसरं, विजेच्या बिलावर नाहीच. भारतात डिग्री होती, इथे ती कुणी विचारत नव्हतं. रात्री साडेनऊला एकटी चालत जाऊ शकत होते, आणि कुणी बघतही नव्हतं. साताऱ्यात मागितलेलं सगळं मिळालं होतं. पण चिलखतात उभं राहिलं की परत दिसता येतं. इथे मी दिवसभर ताठ उभी होते आणि कुणालाच दिसत नव्हते. आपण होऊन लपणं आणि कुणी न पाहणं यांत किती अंतर आहे, ते मला तिथे शरीराने समजलं. काकूंच्या त्या "उशीर झाला गं"ची आठवण येऊन मी रडलेही आहे.

त्या दिवसांत मी 'फॉलआउट: न्यू वेगास' खेळले. २०१०चा, ऑब्सिडियनने बनवलेला हा गेम मला मालिकेत सर्वांत थोर वाटतो, आणि त्याचं मोठं कारण लिली बोवेन. 'नाइटकिन' म्हणजे स्टेल्थ बॉय वर्षानुवर्षं वापरलेले म्यूटंट. सततच्या अदृश्यतेने त्यांच्या मनाचे तुकडे झालेले आहेत, कुणी पाहिलं तर त्यांना सहन होत नाही. लिली त्यांच्यातली एक. एके काळी ती आश्रयस्थानात राहणारी पंचाहत्तर वर्षांची आजी होती. आता निळ्या कातडीचं धिप्पाड शरीर आणि डोक्यात लिओ नावाचा क्रूर आवाज. खेळणाऱ्याला ती नातवंडासारखंच वागवते. तिच्याकडे नातवंडांच्या आवाजाची एक ध्वनिफीत आहे. औषध पुरतं घेतलं तर लिओ गप्प होईल, पण नातवंडंही विसरली जातील, म्हणून ती अर्धाच डोस घेते. काय करायचं ते शेवटी आपण तिला सांगायचं असतं. मी कितीतरी वेळ उत्तराच्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. मग अर्धाच घे म्हणाले.

२०११च्या 'ओल्ड वर्ल्ड ब्लूज' या जोडभागात आणखी एक सूट मिळतो, 'स्टेल्थ सूट मार्क टू'. हा चक्क बोलतो. शत्रू जवळ आला की सांगतो, जखम झाली की स्वतःच औषध टोचतो, आपण लपून चाललो की खूश होतो. लिलीनंतर हा सूट लिहिणाऱ्यांना माझा मनापासून सलाम आहे. लपलेल्या माणसाला सोबत लागते, हे त्यांनी कपड्याच्याच तोंडी घातलं.

२०१५च्या मे महिन्यात काही अटींवर एच-४वाल्यांना कामाचा परवाना मिळू लागला. आम्ही त्या अटींत बसलो. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागले आणि गळ्यात माझ्या नावाचं ओळखपत्र आलं.

आता मुलीसोबत ते जुने गेम पुन्हा काढते तेव्हा मला वेगळीच उणीव जाणवते. ज्यांनी हे चिलखत घडवलं, ज्यांनी ते घालून बर्फात रात्री काढल्या, ते कुठे आहेत? 'ऑपरेशन: अँकरेज'मधली लढाई जनरल चेस या अमेरिकन अधिकाऱ्याने बनवून घेतलेली, त्याच्या मनासारखी वाकवलेली आहे. तिथे मेलेल्या चिनी सैनिकाचं प्रेतसुद्धा विरून जातं. ड्रॅगून आपल्याला फक्त शत्रूच्या डोळ्यांनी भेटतात. 'फॉलआउट ४'मध्ये बोस्टनच्या बंदरात दोनशे वर्षं अडकलेला कॅप्टन झाओ आहे, पाणबुडीचा कप्तान, ज्याला आपल्या हातून झालेल्या संहाराचं दुःख आहे. त्याच्याशी बोलायला मिळतं तेवढंच.

बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांनी २०२२मध्ये सांगितलं की पाचवा 'फॉलआउट' 'एल्डर स्क्रोल्स' या त्यांच्या दुसऱ्या मालिकेच्या सहाव्या भागानंतर येईल. तो मी पन्नाशीला खेळले तरी चालेल. त्यात मला एक ड्रॅगून भेटायला हवा, शक्यतो बाई. तिला नाव हवं, गाव हवं. घरी कोण तिची वाट पाहत होतं, बर्फात वाकून तिचे गुडघे किती दुखायचे, पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा समोर कोण होतं, हे सगळं तिने तिच्या तोंडून सांगायला हवं. चिलखत तिचं तिच्याकडेच राहिलं तरी माझी हरकत नाही.