धक्का नंतर बसतो

मोठी रायफल पहिल्यांदा हातात आली की माणूस गोळीला भीत नाही, धक्क्याला भीतो. आणि नेम बिघडतो तो बहुतेक वेळा त्या भीतीनेच.

हा विषय निघाला भाचीमुळे. आमच्या मलकापूरची (कराडजवळचं बरं का, बुलढाण्याचं नव्हे!) ही पोरगी पोलीस भरतीत निवडली गेली, सध्या ट्रेनिंगला आहे. रविवारी फोन आला, "मामा, पुढच्या आठवड्यात एसएलआरचं फायरिंग हाय. पोरी म्हणत्यात खांदा निखळतो. माझं वजन अठ्ठेचाळीस किलो. नापास झाले तर?"

मामा कॉलेजात एनसीसीत होता, एवढंच काय ते क्वालिफिकेशन. पण आम्ही आयटीवाले, सल्ला मागितला की आधी आकडे काढतो.

तर आकडे. एनसीसीतल्या .२२ ची गोळी अडीच ग्रॅमची. एसएलआरची ७.६२ मिमीची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला आठशे मीटरच्या वर. म्हणजे धक्का नऊ-दहा पट. भीती साहजिक आहे. पण गंमत पुढेच आहे. दारू पेटल्यापासून गोळी नळीबाहेर पडायला साधारण दीड मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात रायफल मागे सरकते जेमतेम एक-दीड मिलिमीटर. आणि धक्का जाणवून आपलं अंग हलायला दीडशे मिलिसेकंद तरी जातात. तोवर गोळी शंभर मीटरवरच्या टार्गेटच्या पार! नेम बिघडवतो तो धक्का नव्हे. धक्का येणार म्हणून आपण आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतो आणि ट्रिगर हिसकतो, ते.

मग तिला सांगितलं ते असं. बट खांद्याच्या हाडावर नको, खांदा आणि छाती यांच्यामधल्या खळग्यात घट्ट रुतव. फट राहिली तर रायफल ठोसा मारते, चिकटून असली तर नुसतं ढकलते. गाल बटवर टेकलेला हवा. कानात प्लग घाल, कापसाच्या बोळ्यावर भागवू नकोस. आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. अर्धा श्वास सोड, थांब, आणि ट्रिगर हळूहळू दाबत जा. गोळी कधी सुटली ते तुलाच कळता कामा नये. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, नळी कायम टार्गेटकडे.

सराव? आमच्या शेजारचे आबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, त्यांनी मला शिकवलेला. रायफल रिकामी आहे ना, उस्तादांकडून दोनदा बघून घ्यायचं. नळीवर पुढच्या टोकाला नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं नाही की जमलं. आबा म्हणायचे, "खांद्याचं काम न्हाई ते, बोटाचं हाय."

वजनाचं म्हणशील तर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं, तिथल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ. दोघांच्या रायफली .२२ च्या, पण ट्रिगरवरचं बोट तेच. ताकदीचा खेळ असता तर तालमीतले पैलवानच सगळी पदकं घेऊन गेले असते!

आणि शेवटचं. पहिल्या दिवशी बुलकडे बघू नकोस, ग्रुपिंगकडे बघ. पाचही गोळ्या डावीकडे खाली, पण एका ठिकाणी गेल्या तर खूश हो. जो बग दर वेळी एकाच जागी येतो, तो दुरुस्त करणं सोपं असतं.