देणं कोणत्या नाण्यात?

चि. बंडूस,


घरच्या सगळ्यांना पाठवलेला तुझा तो मजकूर वाचला. १९४७ साली म्हणे एक रुपयाला एक डॉलर मिळायचा, कारण देशावर तेव्हा कर्ज नव्हतं. वर तुझी मल्लिनाथी, 'रुपयाची अब्रू गेली!' अरे, उभी हयात बँकेच्या परकीय चलन खात्यात घालवलेली आत्या घरात असताना हे पुढे ढकलायच्या आधी तिला एक फोन करवला नाही तुला? आप्पा असते तर पाटी देऊन ओसरीवर बसवलं असतं तुला. ते काम आता मी करते.

१९२७ च्या कायद्याने रुपया १८ पेन्सला, म्हणजे एक शिलिंग सहा पेन्सला, बांधला. पौंडात पेन्स २४०. भाग घाल. पौंड आला तेरा रुपये, पाच आणे, चार पैला. १९४७ मध्ये पौंडाचे डॉलर व्हायचे ४.०३. पुन्हा भाग घाल. डॉलर पडतो सव्वातीन रुपयांच्या किंचित वर. एक रुपया आला कुठून? सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवर उतरवला, आपणही मागोमाग गेलो आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. ६ जून १९६६ ला तो एका फटक्यात साडेसात. आणि कर्जाचं म्हणशील, तर ब्रिटनच आपलं दीड हजार कोटींच्या आसपास देणं लागत होतं. महायुद्धात आपला माल उचलून खात्यावर मांडून ठेवलेलं ते देणं! १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत आपल्या शिष्टमंडळाने हा विषय काढला. आपले चिंतामणराव देशमुख त्या शिष्टमंडळात होते. पण परिषदेने त्यात हात घालायचं नाकारलं. म्हणजे आपण घेणेकरी असूनही डॉलर सव्वातीन रुपयांच्या वरच होता; तेव्हा कर्ज नाही म्हणून रुपया मोठा, हे तुझं गणित मुळातच लंगडं आहे.

आता अब्रूचं. १९२६-२७ मध्ये 'भारदस्त' रुपया कोणाला हवा होता, ठाऊक आहे? इंग्रज सरकारला! १८ पेन्सचा आग्रह त्यांचा. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास सरकारच्या चलन आयोगावर बसून १६ पेन्ससाठी, म्हणजे स्वस्त रुपयासाठी, भिन्न मत नोंदवत होते आणि मुंबईचे गिरणीवाले त्यांच्या पाठीशी होते. मग देशाची अब्रू घालवायला निघाले होते का रे ते? बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनहून रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ छापला, तो तू कपाटात नुसता मिरवतोस. उघडून बघ. रुपया पडला की निर्यातदाराला नफा होतो, पण तो आभाळातून पडत नाही. महागाई वाढते, मजुरी मागे राहते आणि तो नफा मजुराच्या ताटातून निघतो. भाव वर की खाली हे विचारण्याआधी कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात, हे विचारायचं असतं.

माझं एकच म्हणणं आहे, तू ते मुंजीपासून ऐकतोयस आणि ऐकत नाहीस. कमाई एका नाण्यात आणि देणं दुसऱ्यात असलं की माणूस झोपेत बुडतो. माणूस काय, सरकारही! १८७० च्या आसपास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. जर्मनी सोन्याच्या नाण्यावर गेली, इतरांनीही चांदीची नाणी पाडणं आवरतं घेतलं, चांदी घसरली आणि आपला चांदीचा रुपया वीस वर्षांत १५ पेन्सवर आला. हिंदुस्थान सरकार सारा वसूल करी रुपयांत, पण रेल्वेचं व्याज आणि गोऱ्या साहेबांची पेन्शनं लंडनला पौंडांत भरी. दहा रुपयांचा पौंड सोळाला घ्यायची वेळ आली. ती तूट कोणी भरली? १८८८ ला मिठावरचा कर मणामागे दोनाचा अडीच रुपये झाला, त्यात ब्रह्मदेशच्या लढाईइतकाच या तुटीचाही हात होता. साहेबांना मात्र विनिमय भत्ता मिळाला. शेवटी १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, तेव्हा कुठे घसरण थांबवता आली. जुलै १९९१ मध्येही दुखणं तेच होतं. देणी डॉलरमध्ये, तिजोरीत डॉलर नाहीत, म्हणून सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला तारण गेलं. माझ्या खात्यातल्या लोकांची तोंडं मला अजून आठवतात.

हे सगळं लिहायचं कारण तो मजकूर नव्हेच. रविवारी फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालास, "डॉलर जरा उतरला की चिमीची पुढची फी भरतो." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. बंडू, तुझा पगार रुपयांत आणि लेकीची फी डॉलरमध्ये. त्या लंडनच्या देण्याहून हे वेगळं आहे का? २०१३ आठव. मेच्या सुरुवातीला ५५ च्या आत असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ च्या पार गेला. वीस हजार डॉलरची फी अकरा लाखांची साडेतेरा लाखांच्या वर, तीही एका पावसाळ्यात! उतरण्याची वाट बघणं म्हणजे सट्टा, आणि आपल्या घरात सट्टा कोणाला फळला ते तुला सांगायला नको.

तेव्हा ऐक. येत्या सत्राची फी बाजूला काढ, पैसे हाताशी असतील तर सगळी एकदम नाही तरी टप्प्याटप्प्याने डॉलर घेऊन ठेव. चिमीला तिथे कॉलेजातलं काम मिळत असेल तर 'लोक काय म्हणतील' करू नकोस, डॉलरचा खर्च डॉलरच्या कमाईतून निघाला तर त्यासारखं औषध नाही. फीसाठी नाशिकचा प्लॉट मात्र घाईने विकायचा नाही, निदान मला विचारल्याशिवाय.

आणि मुख्य म्हणजे, चिमीच्या शिक्षणाचं कर्ज किती, व्याज ठरलेलं की बदलतं, उरलेली सत्रं किती, हे सूनबाईला माहीत आहे का? दादाने पंपाच्या कर्जाच्या वेळी वहिनीला अंधारात ठेवलं, पुढचं तुझ्या डोळ्यांदेखत घडलं. आज रात्री तिच्याशेजारी बसून सगळे आकडे कागदावर मांड आणि त्याची एक प्रत मला टपालाने पाठव. फोनवर तू गोड बोलतोस, म्हणून फोन नको.

तुझी,
आत्या