शेण कोण काढतं?

माझ्या भाचीने गेल्या वर्षी पुण्यात जनावरांचा दवाखाना काढला. पाटीवर मात्र जनावर हा शब्द कुठेही नाही. ‘पेट क्लिनिक’ आहे. आत एअर कंडिशनर आहे, भिंतीवर प्रसन्न मुद्रेची मांजरे आहेत आणि वाट पाहणाऱ्या कुत्र्यांसाठी कोच आहे. मी बत्तीस वर्षे गुरांच्या सरकारी दवाखान्यात काढली. एक लिंबाचे झाड, एक पायमोडके बाकडे आणि गाईगुरे अडकवायचा एक लाकडी खोडा, एवढेच माझे वैभव. त्या खोड्यात आपणच अडकलो आहोत असे मला दर सोमवारी वाटे.

शिवाय भाचीला मान आहे. आमच्या वेळी तोही नव्हता. माझ्या लग्नात मध्यस्थाने ‘मुलगा डॉक्टर आहे’ एवढेच सांगितले होते. वाक्याचा उरलेला अर्धा भाग सासऱ्यांना साखरपुड्यानंतर कळला.

तर उद्घाटनाच्या दिवशी सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवता ठेवता भाची म्हणाली, “मामा, तुझा एवढा अनुभव. मला काहीतरी सल्ला दे ना.”

निवृत्त माणसाकडे सल्ला मागणे म्हणजे भुकेल्या रेड्यापुढे पेंडीचे पोते सोडणे. मी रात्री बसून चार फुलस्केप कागद भरले. “सत्यनारायणाची पोथीसुद्धा यापेक्षा लहान असते,” असे आमची ही म्हणाली. पण तिचा माझ्या धंद्यावरचा राग जुना आहे.

सल्ला पहिला. थर्मामीटरला दोरा बांधावा आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाचा चिमटा शेपटीच्या केसांना लावावा. गाईचा ताप तोंडात पाहत नाहीत. कुठे पाहतात ते सुज्ञांस सांगणे न लगे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी दोरा न बांधता ताप पाहायला गेलो. गाईने एकदा अंग चोरले, आणि सरकारी मालमत्ता दिसेनाशी झाली. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागवला. फॉर्मवर तीनच रकाने होते : हरवली, मोडली, चोरीस गेली. ‘गाईत आहे’ असा चौथा रकाना नव्हता. मी पेन घेऊन तासभर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची म्हातारी थर्मामीटर पदराने पुसत घेऊन आली. गोठ्यातले शेण काढताना तिला तो सापडला होता. अख्खा होता. पारा साडेएकशे एकवर थांबलेला. म्हणजे गाईला ताप नव्हताच. निरोगी गाईचे अंगच तेवढे गरम असते. म्हातारीचे आभार मानून मी दोरा आणायला गेलो. खरे तर तेव्हाच मला काहीतरी कळायला हवे होते, पण पंचविसाव्या वर्षी पदवीधर माणसाला काही कळत नाही.

सल्ला दुसरा. पेशंटला हात लावण्याआधी पाच मिनिटे लांबून नुसते पाहावे. रवंथ चालू आहे का, नाकपुडीवर दहिवर आहे का, कान कसे आहेत, भार कुठल्या पायावर आहे. मग डाव्या कुशीत मूठ दाबून उभे राहावे. आतले कोठीपोट मिनिटाला एकदोनदा घुसळल्याचे हाताला कळते. या सगळ्याला वेळ लागतो, आणि मालकाला तो वेळ मानवत नाही. “डाक्टर नुस्ताच बघतुया. इंजेक्शन कवा देनार?” असे प्रश्न मागून येतात. येऊ द्यावेत.

सल्ला तिसरा. मालकाने घरून काय देऊन आणले ते आधी काढून घ्यावे. गावाकडे तेल, ताक, गूळ असे काही तरी निघते. शहरात त्याहून वाईट. अंग गरम लागले म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देणारे प्रेमळ लोक आहेत. मांजराच्या शरीराला ते औषध पचवता येत नाही. एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते. तेव्हा प्रेमाची चौकशी आधी, तापाची मागून.

चौथा सल्ला मला एका म्हशीने शिकवला. त्याची फी जबर होती.

मी परळच्या कॉलेजात शिकलो. १८८६ सालचे जुने, नावाजलेले कॉलेज. तिथे गाईम्हशीच्या पोटाचे चार कप्पे नीट शिकवले. मालकाच्या तोंडाबद्दल मात्र काही शिकवले नाही. त्या दिवशी कऱ्हाडकडच्या एका गावात मालक वीस मिनिटे बोलत होते. म्हैस कितीला घेतली, तिची आई किती दूध द्यायची, शेजाऱ्याची नजर कशी वाईट. “दोन दिस झालं, वैरनीला त्वांड लावंना. त्येच्या आदी काय बी न्हवतं बघा.” म्हैस पाठीला कुबड काढून, पुढचे कोपर बाहेर फेकून उभी होती. मला ते दिसले होते. पण कानात मालक होते. मी अपचनाची पुडी दिली, इंजेक्शन टोचले. दारात बादली घेऊन मालकीण उभी होती. ती दोनदा काही बोलायला गेली. मालक म्हणाले, “तू च्या टाक.” मीही चहाचीच वाट पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी म्हैस मेली. उघडून पाहिली तर जाळीपोटातून पडदा भेदून थेट हृदयात गेलेले पोती शिवायचे दाभण. गुरे घाईघाईने गिळतात आणि निवांत चावतात. जड वस्तू तडक जाळीपोटात जाऊन पडते. तिथून हृदय चार बोटांवर.

“पेंडीचं पोतं शिवत हुते,” मालकीण म्हणाली. “दाभन गावंना झालं, तवापास्नं ती अशी हुबी ऱ्हायली.”

“मग बाई, सांगितलं का नाही?”

“मला कुनी इचारलं?”

वेळेवर कळले असते तर पोट उघडून दाभण काढता येते. वाचलीच असती असे नाही. पण त्या म्हशीच्या दुधावर तिची दोन मुले तालुक्याला शिकत होती, आणि मी तिच्या हातचा चहा पिऊन गेलो होतो.

तेव्हापासून कुठल्याही गोठ्यात शिरलो की माझा पहिला प्रश्न : “शेण कोण काढतं?” जो शेण काढतो त्याला जनावर काय खाते, किती खाते, कधीपासून खात नाही, सगळे ठाऊक असते. पुढे तालुक्यात मला ‘शेण डाक्टर’ म्हणू लागले. आमच्या हिने त्यानंतर मला एकट्यालाच लग्नकार्यांना पाठवले.

भाचीने चारही कागद वाचले आणि हसून म्हणाली, “मामा, माझ्याकडे शेण नसतं रे.”

मग मे महिन्यात एका रात्री तिचा फोन आला. एक लॅब्रॅडोर दोन दिवस उलट्या करत होता. नवराबायको फाईल घेऊन आलेले. विकतचे कोरडे खाणे, तेही मापाने, सकाळसंध्याकाळ. “बाहेरचं काही नाही डॉक्टर, काहीच नाही.” भाची म्हणाली, “मला तुझी म्हैस आठवली. मी विचारलं, याची शी कोण काढतं? दोघं एकमेकांकडे बघायला लागले.”

काढत होत्या त्यांच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “आजोबा रोज दुपारी त्याला हापूसची कोय देतात. तो चाटूनपुसून टाकतो, मी उचलते. परवाची कोय काही मला सापडली नाही.”

सोनोग्राफीत आतड्यात अडकलेली कोय दिसली. रात्री ऑपरेशन झाले. कुत्रा आता ठणठणीत आहे. आजोबांना मात्र कोयीसकट आंब्याची बंदी झाली आहे.

परवा तिच्याकडे गेलो तेव्हा तिने नवे केसपेपर दाखवले. पेशंटचे नाव, वय, मालकाचे नाव. आणि त्याखाली चौथा रकाना : ‘शी कोण काढतं? त्यांचा फोन नंबर.’

मी तो रकाना बराच वेळ पाहत बसलो.